धबधब्यांची एक दिवसाची सहल: गाइड कसा पारखायचा आणि डोहात कसं उतरायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उष्ण कटिबंधातल्या सुट्टीत एक दिवस गाइडसोबत जंगलातले धबधबे आणि त्यांच्या पायथ्याचे डोह बघायचे आहेत. तुम्हाला चांगलं पोहता येतं, नवऱ्याला तरणतलावापुरतं, मुलगी ७ वर्षांची आहे आणि सासूबाई ६४ वर्षांच्या. त्यांनाही पाण्यात बसायचंय. एक फेरी दिवसात चार धबधबे दाखवते, दुसरी दोनच. कोणती घ्यावी, गाइड खरंच लागतो का आणि डोहात उतरणं कितपत सुरक्षित आहे, असं तुम्ही विचारलंय.

दोन धबधब्यांची घ्या. चार ठिकाणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी घाईने कपडे बदलणं, ओल्या अंगाने गाडीत बसणं आणि शेवटच्या धबधब्यावर दमलेल्या पायांनी उतरणं. १९ वर्षं मी अशा फेऱ्या नेतोय. माझ्यासमोर घोटे मुरगळले, गुडघे फुटले ते बहुतेक दुपारनंतर, परतीच्या वाटेवर किंवा ‘आता एक शेवटची डुबकी’ म्हणत पुन्हा उतरताना. दोन ठिकाणांच्या दिवसात पाण्याकाठी नुसतं बसायलाही वेळ मिळतो. सासूबाईंना तोच वेळ सगळ्यात जास्त आवडेल.

गाइड वाट दाखवायला लागतो, असं बहुतेकांना वाटतं. नावाजलेल्या धबधब्यांच्या वाटा मळलेल्या असतात, तिथे पाट्याही असतात, वाट तुम्हीही शोधाल. गाइडने तोच डोह शेकडो वेळा पाहिलेला असतो, त्यासाठी तो लागतो. आज पाणी नेहमीपेक्षा हातभर वर आहे, कालपर्यंत दिसणारा खडक आज बुडालाय, हे त्याच्या नजरेला पहिल्या क्षणी कळतं. नवख्या माणसाला प्रत्येक धबधबा तसाच वाटतो, कारण त्याने तो एकदाच पाहिलेला असतो. तुम्ही पैसे देता ते या तुलनेसाठी. आणि त्याहून जास्त त्याच्या एका शब्दासाठी: ‘आज नाही.’

म्हणून फेरी ठरवण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: ‘गेल्या हंगामात तुम्ही लोकांना पाण्यात उतरू न देता किती वेळा परत आणलंत?’ चांगला गाइड लगेच दोन-चार प्रसंग सांगेल, कुठल्या महिन्यात, का, लोक कसे चिडले, सगळं. ‘आमच्याकडे असं कधी होतच नाही’ असं उत्तर आलं तर तिथे पैसे भरू नका. मग विचारा की अशा दिवशी दुसरा बेत काय असतो आणि पैशांचं काय होतं. फेरी रद्द झाली की ज्याचा दिवसाचा रोज बुडतो, त्या गाइडवर पाण्यात उतरवण्याचा दबाव येतो, तो कितीही भला असला तरी. कंपनीने पर्यायी ठिकाण आधीच ठरवून ठेवलं असेल तर त्याला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. एका गाइडमागे माणसं किती, हेही विचारा. माझा स्वतःचा नियम पोहणारे असतील तर आठ, न पोहणारे असतील तर चार. आणि कुणाचा पाय मोडला तर त्याला रस्त्यापर्यंत कसं आणि किती वेळात आणणार, हेही. या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याने तो विचार कधी केलेलाच नसतो.

आता पाऊस. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दल.

डोहातलं पाणी तुमच्या डोक्यावरच्या आभाळातून येत नाही, ते वरच्या डोंगरातून येतं. हिशोब करून बघा. धबधब्याच्या वर फक्त ५ चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे, म्हणजे लहानसंच. तिथे तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, जे उष्ण कटिबंधातल्या वादळी सरीत सहज होतं, तर तेवढ्यात २५ कोटी लिटर पाणी पडलं. निम्मं मुरलं असं धरलं तरी उरलेलं सगळं एकाच घळीतून, एकाच धबधब्यावरून खाली येणार. तुमच्या अंगावर ऊन असेल आणि तरी ते येईल. शिवाय वाहतं पाणी जोर धरतं तो नुसता खोलीने नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यातून मघाशी आरामात ओलांडलेला ओढा तासाभराने धडधाकट माणसाला आडवा करतो तो यामुळे.

माझी एक सवय सांगतो, ती तुम्हीही लावून घ्या. डोहावर पोचलो की मी आधी पाण्याच्या अगदी कडेला, जिथे लाट संपते तिथे, लिंबाएवढा एक खडा ठेवतो. निम्मा ओला, निम्मा कोरडा. मग दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे नजर टाकतो. एका सकाळी साडेअकराच्या सुमारास आठ जण पाण्यात होते, आभाळ स्वच्छ. खड्याकडे पाहिलं तर तो पूर्ण भिजलेला. म्हटलं, कुणी पाणी उडवलं असेल. शेजारी दुसरा खडा ठेवला, चार बोटं वर. पाच मिनिटांत तोही पाण्याखाली. तेवढ्यात धबधब्याच्या पायथ्याशी वाळकी पानं आणि काड्यांचा एक पुंजका तरंगत आला. वारा नव्हता, म्हणजे पानं वरून, काठावरची, वाढलेल्या पाण्याने उचललेली. पाण्याचा रंग किंचित चहासारखा झाला होता. मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना वर काढलं, चपला-पिशव्या राहू द्या म्हटलं. एक गृहस्थ फार रागावले. ऊन पडलंय, पैसे दिलेत, कसली घाई, असं म्हणाले. आम्ही वरच्या टप्प्यावर बसून राहिलो. वीस मिनिटांत ज्या कातळावर आमच्या पिशव्या होत्या तो कातळ दिसेनासा झाला आणि पाण्याखालून दगड एकमेकांवर आपटल्याची गडगड ऐकू यायला लागली. ते गृहस्थ नंतर परत येईपर्यंत बोलले नाहीत, गाडीतून उतरताना फक्त हात धरला.

तेव्हा खुणा लक्षात ठेवा: स्वच्छ पाणी गढूळ होणं, पानं-काड्या-फेस वाहून येणं, धबधब्याचा आवाज जड होणं, मधली धार रुंदावणं, ओल्या मातीचा वास येणं. यातली एक जरी दिसली तरी बाहेर या आणि प्रवाहाच्या दिशेने खाली पळू नका, बाजूला आणि उंचावर चढा. सामान सोडा. आणि पाणी चढलेलं असताना ओढा ओलांडून गाडीपर्यंत पोचायची धडपड करू नका. पलीकडे अडकलात तर बसून राहा. लहान पाणलोटातलं पाणी जसं झपाट्याने चढतं तसं बहुतेक वेळा काही तासांत उतरतंही.

उष्ण कटिबंधात जमीन तापून ढग जमतात आणि वादळी सरी बहुतेकदा दुपारी किंवा संध्याकाळी येतात. त्यामुळे सकाळी लवकर निघणारी, दुपारी एकच्या आत पाण्यातून बाहेर काढणारी फेरी निवडा. मेघगर्जना ऐकू आली की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं जाईपर्यंत आत नाही.

पाण्याइतकाच वरचा कडाही बघा. हवाई बेटांतल्या ओआहूवर सेक्रेड फॉल्स नावाचा धबधबा आहे. ९ मे १९९९ ला, मातृदिनाच्या रविवारी, तिथे कड्यावरून दरड कोसळली आणि पायथ्याशी असलेल्या माणसांपैकी ८ जण गेले. ती जागा तेव्हापासून बंद आहे. पाणी कडा सतत झिजवत असतं, बहुतेक धबधबे तयार होतात तेच तसे. म्हणून डबा खायला, पाय पसरून बसायला कड्याखालची सावली निवडू नका. ताजे फुटलेले, धारदार कडांचे, शेवाळ न धरलेले दगड जिथे पडलेले दिसतात, तिथे ते नुकतेच वरून आलेले असतात.

डोहात उतरण्याआधी काठावर दोन मिनिटं उभं राहून तो नीट वाचा. पाणी पडतं त्या टोकाकडे सगळे बघतात, कारण फोटो तिकडचा असतो. मी आधी उलट्या बाजूला बघतो, पाणी डोहातून बाहेर जातं त्या तोंडाकडे. तिथे पाणी उथळ होतं, वेग धरतं आणि बऱ्याचदा पुढच्या टप्प्यावरून खाली पडतं. धबधब्याकडे तोंड करून तरंगणारा माणूस पाठीमागच्या त्या तोंडाकडे हळूहळू सरकत असतो आणि त्याला ते कळत नाही. तिथे आडवं झाड अडकलेलं असेल तर अजून वाईट. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस अडकतो. एक पान किंवा काडी पाण्यात टाका आणि ती कुठे जाते बघत बसा, प्रवाह कसा फिरतो ते ती दाखवेल. बाहेर कुठून यायचं ते आधी ठरवा, मगच आत जा.

धबधब्याच्या थेट खाली जायचा मोह आवरा. पडणारं पाणी तळाशी जातं, तळाने पुढे सरकतं, वर येतं आणि पृष्ठभागावरून काही भाग परत धारेकडे ओढला जातो. त्या चक्रात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा धारेखाली नेला जातो. शिवाय तिथला पांढरा फेस म्हणजे पाणी आणि हवेचं मिश्रण. त्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही आणि हातांना पाण्याची पकड मिळत नाही. चांगला पोहणारा तिथेच गोंधळतो, कारण त्याची रोजची हालचाल अचानक काम करत नाही. वरून धारेबरोबर लाकूड-दगड येतात ते वेगळंच. अंगावर धार घ्यायची हौस असेल तर गाइड दाखवेल ती कडेची, पातळ, खांद्यापर्यंत येणारी धार घ्या, पायाखाली जमीन असताना.

उडी मारू नका. गाइड म्हणाला तरी मारू नका. १० मीटरवरून पडणारा माणूस ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळतो. आणि डोहाचा तळ प्रत्येक पुरात बदलतो, नवा दगड येतो, जुन्या झाडाचा खोड तळाशी रुतून उभा राहतो. ‘इथून सगळे मारतात’ हे मागच्या पुराच्या आधीचं ज्ञान असू शकतं. ज्या गाइडने त्याच सकाळी पाण्यात डोळ्यांवर मास्क लावून तळ पाहिलाय तो वेगळा, पण तसे मी फार थोडे पाहिलेत.

आता तुमच्या माणसांबद्दल.

सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्या मिस्टरांची वाटते, मुलीची नाही. तरणतलावापुरतं पोहता येणारा माणूस डोहात सहसा दम संपून बुडत नाही, तो घाबरून बुडतो. कडेला भिंत नाही, तळ दिसत नाही, पाणी अपेक्षेपेक्षा गार, आणि धबधब्याच्या आवाजात आपला श्वासही ऐकू येत नाही. निघण्याआधी आठवडाभर त्यांना तलावात एकच गोष्ट करायला सांगा: खोल भागात पाठीवर सलग दोन मिनिटं तरंगणं. हे जमलं की भीतीचा निम्मा जोर जातो. डोहात त्यांनी लाइफ जॅकेट घालायचं, ‘मला येतं’ म्हणत काढायचं नाही. जॅकेट बसलंय का हे तपासायला खांद्यापाशी धरून जोरात वर उचला. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे, पट्टे आवळा किंवा दुसरं मागा. मुलीच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा, नाहीतर ती पाण्यात पडली की जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. हवेने फुगवायच्या रिंगा खेळणी आहेत, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

मुलीपासून तुम्ही दोघांपैकी एक जण सतत हाताच्या अंतरावर. गाइडला सगळीच डोकी मोजायची असतात. ‘आहे ना तो’ असं दोघांनीही गृहीत धरलं की कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून तोंडाने बोलून पाळी ठरवा: आता तू, अर्ध्या तासाने मी. आणि बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो हे मनातून काढून टाका. बुडणारा गप्प असतो. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीवर, शरीर उभं, पाय जवळजवळ हलत नाहीत, शिडी चढल्यासारखे हात पाणी दाबत असतात. हे सगळं मिनिटभरात संपू शकतं. मूल पाण्यात दंगा करतंय तोपर्यंत ठीक, गप्प झालं की बघा. कुणी अडचणीत दिसलं तर लगेच उडी घेऊ नका. काठी, टॉवेल, फांदी पुढे करा, नाहीतर दोर किंवा तरंगणारं काही फेका. फेकायच्या दोराची पिशवी गाइडच्या पाठीवर असते का, हे सकाळीच बघून ठेवा. बुडालेल्या माणसाला उलटं धरणं, पोट दाबून पाणी काढणं यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास, मग छातीवर दाब, ३० दाबांमागे २ श्वास. बुडण्यात प्राणवायू संपलेला असतो, म्हणून नुसते दाब पुरत नाहीत.

सासूबाईंना नक्की न्या. पण त्यांच्यासाठी डोह नको, डोहाच्या खालच्या अंगाला संथ, गुडघ्याच्या आतलं पाणी असेल, बसायला सपाट दगड असेल अशी जागा गाइडला आधीच सांगून ठेवा. आधी पाय, मग हात, चेहरा, मान भिजवून मग बसायचं, एकदम नाही. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटींनी, साधारण २५ पट वेगाने काढून घेतं. त्यामुळे बाहेर उकडत असलं तरी अर्ध्या तासात ओठ निळे पडू शकतात, वयस्कर माणसांचे आणि लहान मुलांचे आधी. चढताना दम लागतो पण पडायला होतं ते उतरताना, म्हणून हातात काठी हवीच. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून, आणि गाइडला सकाळीच सांगून.

पायात पुढून बंद, रबरी तळाचे, भिजले तरी चालतील असे बूट. स्लिपर अजिबात नको. काळा, चकाकणारा ओला कातळ आणि त्यावरचा पातळ हिरवट थर म्हणजे शेवाळ, तिथे चांगला बूटही सरकतो. कातळ सगळीकडे सारखा नसतो, हे मात्र फार थोडे गाइड समजावून सांगतात. थायलंडमधला सात टप्प्यांचा इरावन, लाओसमधला क्वांग सी, जमैकामधला डन्स रिव्हर हे चुनखडीच्या पाण्याने घडवलेले धबधबे आहेत. पाण्यात विरघळलेला चुना थरांनी बसत जातो, त्याचेच बांध आणि डोह तयार होतात. वाहत्या धारेखालचा हा चुन्याचा थर खरखरीत असतो, पाय धरून ठेवतो. डन्स रिव्हरवर हातात हात घालून साखळी करून लोक धबधब्यातून चढतात ते या खरखरीतपणामुळे जमतं. हीच साखळी शेवाळलेल्या काळ्या बेसाल्टवर केलीत तर एक घसरतो आणि दोन जणांना घेऊन जातो. तिथे प्रत्येकाने स्वतंत्र चालावं, तीन आधार टेकलेले, चौथाच हलता.

वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायची घाई करू नका. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं आणि प्रवाहाने अंग पुढे ढकललं की उठता येत नाही, पाणी मांडीइतकंच असलं तरी. पाठीवर व्हा, पाय पुढे आणि वर, आणि तिरकं काठाकडे हात मारत जा. पाणी संथ झालं की मग उठा.

सनस्क्रीन आणि डास पळवणारी मलमं लावून डोहात जाऊ नका, लहान डोहात ते सगळं साठतं आणि तिथे मासे, बेडूक, खेकडे राहतात. पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा घाला, त्याने उन्हापासूनही बचाव होतो. आणि जिथे ‘पोहू नये’ अशी पाटी असेल तिथे पाणी कितीही सुंदर दिसलं तरी नाही. कोस्टा रिकामधला रिओ सेलेस्ते धबधबा आकाशासारखा निळा दिसतो, तो पाण्यातल्या बारीक खनिज कणांवर प्रकाश विखुरल्यामुळे. त्यात पोहायला मनाई आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या लिचफील्डमधला वांगी फॉल्सचा डोह पावसाळ्यात बंद ठेवतात, कारण पाणी चढलं की खाऱ्या पाण्यातली मगर तिथपर्यंत येऊ शकते. कारण पाटीवर लिहिलेलं असेलच असं नाही.

पाणी पिऊ नका, तोंडात-नाकात जाऊ देऊ नका, आणि अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी काठावरच बसा. गोड्या पाण्यात प्राण्यांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायराचे जंतू असू शकतात, पावसानंतर जास्त. सन २००० मध्ये मलेशियाच्या सबामध्ये झालेल्या एका साहसी शर्यतीत नदीत पोहलेल्या कितीतरी खेळाडूंना घरी परतल्यावर याच तापाने गाठलं होतं. आफ्रिकेत आणि आणखी काही भागांत संथ पाण्यातल्या गोगलगाईंमुळे होणारा शिस्टोसोमायसिस हा कृमींचा आजारही असतो. तिथल्या तलावांत आणि साचलेल्या डबक्यांत उतरू नका. परत आल्यावर सगळ्यांनी साबणाने आंघोळ करा, खरचटलेलं धुऊन घ्या. त्यानंतर महिनाभरात कुणाला अचानक थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले किंवा डोकं फुटायला लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की अमुक तारखेला धबधब्याच्या डोहात पोहलो होतो.